दूध मोजता येतं की नाही?

मित्रांनो, आज आपण एका क्रियापदाची झडती घेणार आहोत. क्रियापद अगदी साधं आहे, 'मोजणे'. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात ते किती वेळा उच्चारलं जातं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बाबा पैसे मोजतात. शिंपी छाती मोजतो. भूमापक शेत मोजतो. डॉक्टर ताप मोजतात आणि गुरुजी सहलीच्या गाडीत बसलेली मुलं मोजतात. पाच माणसं, पाच कामं, आणि क्रियापद मात्र एकच!

आता जरा बारकाईनं बघा हं. मुलं मोजताना गुरुजी 'एक, दोन, तीन' म्हणत जातात. ताप मोजताना डॉक्टर 'एक ताप, दोन ताप, तीन ताप' असं म्हणतात का? छे! ते थर्मामीटर लावतात. शिंपी टेप लावतो. म्हणजे एका मोजण्याला नुसती बोटं पुरतात आणि दुसऱ्या मोजण्याला हातात काहीतरी माप लागतं. इंग्रजीनं या दोन कामांना दोन निरनिराळी क्रियापदं दिली आहेत. बोटांनी मोजायचं ते 'काउंट' आणि मापानं मोजायचं ते 'मेझर'. आपण दोघांना 'मोजणे'च्या एकाच घोंगडीखाली झोपवलं. मराठीत 'गणणे' हा शब्द आहे, नाही असं नाही. पण 'बाबा, पैसे गणा' असं म्हणून बघा, बाबा तुमच्याकडे चमकून पाहतील.

या घोंगडीचा त्रास एरवी कुणालाच होत नाही. पंचाईत होते ती इंग्रजी व्याकरणाच्या तासाला. काउंटेबल नाउन म्हणजे 'मोजता येणारे नाम' आणि अनकाउंटेबल नाउन म्हणजे 'मोजता न येणारे नाम', अशी व्याख्या गाइडात छापलेली असते. आपण ती घोकतो. वाक्य सोपं, सुटसुटीत आणि चांगलंच फसवं!

आमचं अनसिंग हे वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला, तेव्हापासून आमचा जिल्हा वाशिम. सोयाबीन, तूर, कापूस, हळद आणि दूधदुभतं यांच्याशिवाय इथल्या गप्पा पुऱ्या होत नाहीत. माझ्या शेजारी सातवीतली एक मुलगी राहते. तिच्या घरी दोन म्हशी आहेत आणि सकाळी रतीब घालायचं काम तिच्याकडे आहे. एका चाचणीत तिला सहा शब्द दोन गटांत लिहायचे होते : बुक, मिल्क, मँगो, राइस, मनी आणि चेअर. पोरीनं सहाच्या सहा शब्द पहिल्या गटात लिहिले आणि दुसरा गट कोरा ठेवला! सहापैकी तीन गुण मिळाले. मिळणारच. तिनं वर्गात उभं राहून कारण विचारलं, तेव्हा मुलं खदखदून हसली. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिनं बोट वर करणंच सोडून दिलं.

हे मला कळलं ते ती एके दिवशी वही घेऊन अंगणात आली तेव्हा. म्हणाली, "काकाजी, मी तं रोज सकाळी दूध मोजतो. घरोघरी मापानं मोजतो. मंग दूध मोजता येत नाही असं काऊन लिहू?"

सांगा बरं, काय उत्तर द्याल? तिचं उत्तर इंग्रजीच्या हिशेबानं चूक होतं, पण तिचा तर्क पक्का होता. छापलेली व्याख्या खरी मानली तर वर्गात तिच्याइतकं बरोबर कोणीच नव्हतं. ज्या मुलांना पूर्ण गुण मिळाले त्यांनी व्याख्या लावून पाहिली नव्हती, यादी पाठ केली होती. आणि तरी हसू झालं ते विचार करणारीचं! मला या गोष्टीचा अजूनही राग येतो. पण रागानं व्याकरण सुटत नाही, म्हणून आम्ही दुसरा उपाय केला.

मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी दूध घालताना तू तोंडानं काय म्हणतेस, तेवढं फक्त ऐक."

दुसऱ्या दिवशी रिकामी कॅन हातात घेऊन ती तशीच पळत आली. "काकाजी, मी 'एक दूध, दोन दूध' असं म्हणतच नाही! एक लिटर, दोन लिटर म्हणतो. मी दूध नाही मोजत, लिटर मोजतो!"

बस्स! सगळा धडा या एका वाक्यात आला. इंग्रजीतही तसंच आहे. 'टू लिटर्स ऑफ मिल्क' म्हणतात. अनेकवचनाचा 'स' बघा कुणाला लागला? लिटरला. मिल्क आपलं जसंच्या तसं. गणती झाली ती मापाची, दुधाची नाही. दुधाला स्वतःचा एक, दोन असा तुकडा नसतो. तुम्ही वाटीत ओतलं तर वाटीएवढं, कॅनमध्ये ओतलं तर कॅनएवढं. अर्ध्या दुधालाही दूधच म्हणतात. अर्ध्या खुर्चीला मात्र कोणी खुर्ची म्हणत नाही, बसून पाहा!

धान्याचंही असंच. पूर्वी खळ्यावर धान्य पायलीनं मोजत. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. मणात किती पायल्या ते मात्र गावागणिक बदलायचं. जुनी माणसं मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन... अशी ही गणती चाले. तीही पायल्यांची, ज्वारीची नव्हे. ज्वारीच्या दाण्यांना 'लाभ, दोन, तीन' करत बसलं असतं तर पेरणीची वेळ टळून गेली असती.

आपल्या मराठी व्याकरणकारांनी ही गोष्ट नेमकी हेरली आहे बरं का. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात सामान्यनामाचा एक पोटप्रकार सापडतो, 'पदार्थवाचक नाम'. दूध, साखर, कापड, सोनं यांसारखे जे पदार्थ संख्येनं न मोजता लिटर, मीटर, किलो अशा परिमाणांनी मोजतात, त्यांची ही नावं. अनकाउंटेबलची याहून सरळ ओळख मला तरी माहीत नाही. मराठीच्या तासाला शिकलेलं इंग्रजीच्या तासाला आठवायला मनाई थोडीच आहे?

आणि अशा न गणता येणाऱ्या वस्तूला गणतीत बसवायची युक्ती तर आपल्या बाजारात पावलोपावली दिसते. हळद गणता येत नाही, हळकुंड गणता येतं. कडबा गणता येत नाही, पेंडी गणता येते. पाच पेंड्यांचा तर पाचुंदाच होतो. लसणाचा गड्डा, गड्ड्याची पाकळी. गुळाची ढेप, मिठाचा खडा, पाण्याचा घोट, कापसाचं बोंड, सांबाराची जुडी. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी खुलासा : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं!) इंग्रजीतही असेच जोडीदार शब्द आहेत. लसणाची 'क्लोव्ह', गवताचं 'ब्लेड', पाण्याचा 'ड्रॉप', मिठाचा 'ग्रेन', पावाचा 'लोफ' आणि त्या लोफची कापलेली 'स्लाइस'. जिथं दुसरं काही सुचत नाही तिथं बिचारा 'पीस' धावून येतो. सल्ला म्हणजे 'ॲडव्हाइस' गणता येत नाही, म्हणून 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. जणू सल्ला म्हणजे बर्फीची वडी!

इथवर आलं की हुशार मुलं हमखास एक शंका काढतात. आमच्या दूधवालीनंही काढली. "काकाजी, दूध पातळ असते हे समजलं. पण तांदळाचा दाणा तं मोजता येते ना? मंग राइस काऊन अनकाउंटेबल?"

अगदी रास्त शंका आहे. ताटलीत तांदूळ घेऊन बसलं तर एकेक दाणा गणता येईल, वेळ गेला तर जाईल. पण मित्रांनो, गंमत इथंच आहे. काय गणायचं आणि काय नाही, हे वस्तू ठरवत नाही, भाषा ठरवते. इंग्रजी माणूस तांदळाकडे पाहतो तेव्हा त्याच्या भाषेला ढीग दिसतो, दाणा दिसत नाही. 'व्हीट' म्हणजे गहू, तोही ढीग. पण गव्हाच्याच कुळातलं 'ओट्स' घ्या. त्याला मात्र 'स' लागतो, तो अनेकवचनी! दोघांची रोपं शेजारी शेजारी लावली तर नवख्याला फरक कळायचा नाही, पण व्याकरणात एक इकडे आणि एक तिकडे.

याहून मोठी गंमत आपल्या हरभऱ्याची. हरभऱ्याला इंग्रजीत दोन नावं आहेत, 'ग्रॅम' आणि 'चिकपी'. पोत्यातला दाणा तोच. पण 'ग्रॅम' म्हटलं की गणती बंद आणि 'चिकपीज' म्हटलं की गणती सुरू! आता सांगा, वस्तूत फरक पडला का? अशा जोड्या इंग्रजीत कितीतरी आहेत. 'कॉइन्स' गणा, 'मनी' गणू नका. 'जॉब्ज' गणा, 'वर्क' गणू नका. टेबल आणि खुर्च्या गणा. त्या दोघांना मिळून 'फर्निचर' म्हटलं की गणती थांबवा.

'मनी'वरून आमच्या घरी बराच वाद झाला. कारण पैशाइतकी मन लावून मोजण्याची वस्तू जगात दुसरी नाही. पण आपण मोजतो ते काय? नोटा आणि नाणी. किंवा रुपये आणि पैसे. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून शंभर 'नये पैसे' होऊ लागले. मापं बदलली, मापातला माल तोच राहिला. मनी म्हणजे तो माल, आणि रुपया हे त्याचं लिटर! हे दुधाच्या भाषेत सांगितल्यावर वाद मिटला.

बरं, मराठी काही वेगळं करते का? आपलीही भाषा अशीच मनमानी करते, फक्त सवयीमुळे आपल्याला ती दिसत नाही. आई काय म्हणते? "ज्वारी संपली, पण तांदूळ संपले." दोन्ही धान्यंच ना? मग एक एकवचनी आणि दुसरं अनेकवचनी का? 'साखर संपली' पण 'पोहे संपले'. 'पोहा संपला' असं म्हणून बघा, सगळे विचारतील, "म्हणजे एकच उरला होता?"

इंग्रजी आणि मराठी यांच्या या आवडीनिवडी जिथं जुळतात तिथं काही अडचण नाही. आपण 'दोन माहित्या' म्हणत नाही आणि इंग्रजही 'इन्फॉर्मेशन्स' म्हणत नाहीत. (काही शतकांपूर्वी म्हणत असत; पुढे सोडलं.) घोटाळा होतो तो जिथं दोघींचं पटत नाही तिथं. वर्गातच बघा. 'दोन खडू आण' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'चॉक' गणत नाहीत, 'टू पीसेस ऑफ चॉक' म्हणावं लागतं. 'एक कागद दे' म्हणताना 'गिव्ह मी अ पेपर' म्हणालात, तर साहेब तुम्हाला वर्तमानपत्र देईल नाहीतर प्रश्नपत्रिका! कागद हवा असेल तर 'अ शीट ऑफ पेपर' मागा. दोन साबण म्हणजे 'टू सोप्स' नव्हे, सोपचे दोन 'बार' किंवा दोन 'केक'. 'माझे केस वाढले' यात आपल्याला हजारो केस दिसतात, इंग्रजीला डोक्यावर एकच 'हेअर' दिसतं. हां, चहात केस सापडला तर मात्र तो 'अ हेअर'. तिथं एकच पुरे होतो!

उलटंही घडतं. आपण म्हणतो, 'सोयाबीन निघालं, सोयाबीन विकलं'. एकवचन. इंग्रजीत 'सोयबीन्स', दाणा न् दाणा गणतीत. चहाच्या बाबतीत तर दोघी एकसारख्या ऐसपैस वागतात. स्टँडवर आपण 'तीन चहा द्या' म्हणतो. इंग्लंडातही हॉटेलात 'थ्री टीज' म्हटलेलं चालतं. कप न बोलता समजून घ्यायचा.

एकदा तर अशी गणतीच्या हौसेनं एका शब्दाची शेपटीच तोडली गेली. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीज' म्हणत. लॅटिनमधून आलेला हा शब्द गव्हासारखाच ढिगाचा होता. त्यातला शेवटचा 'ज' शब्दाचा स्वतःचा होता, अनेकवचनाचा नव्हता. पण लोकांच्या कानांना वाटलं, हे अनेकवचनच आहे. मग एका दाण्याला काय म्हणायचं? सतराव्या शतकात लोकांनी शेपटी तोडून 'पी' असा नवा शब्द तयार केला. तोच आज शब्दकोशात मानानं बसला आहे. म्हणजे साहेबाच्या देशातही लोक अंदाजपंचे चालले आणि व्याकरण त्यांच्यामागून गेलं.

मग हे नियम बसवले कुणी? 'काउंटेबल' आणि त्याच्या विरुद्धची 'मास-वर्ड', म्हणजे ढिगाचे शब्द, अशी विभागणी ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या आपल्या व्याकरणग्रंथात नीट मांडली. ते डेन्मार्कचे, इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हे. पुढे प्रत्येक नामापुढे खूण छापणारा शब्दकोश निघाला तो लंडनला नव्हे, टोकियोला! ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला शिकवायला गेले होते. जपानी भाषेत नामाला एकवचन-अनेकवचन असं लागत नाही. पेन्सिलीसारख्या लांबट वस्तू मोजताना आकड्याला 'होन' जोडतात, कागदासारख्या सपाट वस्तूंना 'माई'. अशा मुलांना 'मेनी' कुठं आणि 'मच' कुठं, हे कसं कळावं? म्हणून हॉर्नबींनी दोन सोबत्यांबरोबर केलेल्या १९४२ च्या शब्दकोशात नामापुढे काउंटेबलचा 'सी' किंवा अनकाउंटेबलचा 'यू' छापला. हाच कोश १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं पुन्हा काढला आणि आज विद्यार्थ्यांच्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत आपण ज्या खुणा बघतो त्या तिथून आल्या. ज्यांना अडलं त्यांच्यासाठी हे काम झालं. न अडलेल्या इंग्रजाला त्याची गरजच नव्हती.

आपल्याला अडतं त्याचं एक कारण 'किती' हा शब्दही आहे. 'किती आंबे' आणि 'किती दूध', दोन्हीकडे आपला एकच 'किती'. इंग्रजीत आंब्यांना 'हाऊ मेनी' आणि दुधाला 'हाऊ मच'. पण घाबरू नका, फरक ओळखणारा कान आपल्याकडे आहे. 'थोडे आंबे' आणि 'थोडं दूध' यांत आपण कधी चुकतो का? बहुतेक वेळा 'थोडे, थोड्या' आलं तर 'मेनी'च्या बाजूला आणि 'थोडा, थोडी, थोडं' आलं तर 'मच'च्या बाजूला झुकायचं. खडू, साबण, तांदूळ, केस ही मंडळी दगा देतात, हे मात्र लक्षात असू द्या.

शब्दकोश हाताशी असेल तर तो 'सी' की 'यू' बघून घ्या. काही शब्दांपुढे दोन्ही खुणा दिसतील, तिथं अर्थ बदलतो. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पाणी प्यायचा पेला. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. आणि 'आय एट चिकन' म्हणायच्या ठिकाणी 'आय एट अ चिकन' म्हणालात, तर तुम्ही अख्खी कोंबडी फस्त केलीत असा अर्थ होईल. तुमची भूक तुम्हाला ठाऊक!

आमच्या दूधवालीनं आता वहीच्या मागच्या पानांवर घरातल्या वस्तूंची यादी सुरू केली आहे. एका बाजूला मराठी काय करते, दुसऱ्या बाजूला इंग्रजी काय करते. तिखट, मीठ, बांगड्या, शेवया, शेण, पत्रे, सगळं त्यात आहे. वर्गात तिनं अजून बोट वर केलेलं नाही. पण परवा एका मैत्रिणीला 'मनी' समजावून सांगताना मी तिला ऐकलं. लिटरचं उदाहरण देत होती.

काल ती 'गारा'वर अडली. मराठीत गारा पडतात, अनेकवचन. शब्दकोशात 'हेल'पुढे 'यू' निघाला. थोडा वेळ ती पानं चाळत बसली आणि खाली 'हेलस्टोन' सापडलं, त्याच्यापुढे 'सी'. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "टिनावर पडते तवा हेल, अन् डोक्यावर पडते तवा हेलस्टोन. हो ना, काकाजी?"